टीएलडीबरोबर टीबीचे औषध: दुसऱ्या गोळीचा हिशेब

पुण्यातल्या औषध खिडकीवर काम करताना मला लागलेली एक सवय आधी सांगतो. एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्या माणसाला टीबी निघाला, किंवा टीबीच्या तपासणीत एचआयव्ही कळला, की मी त्याला पुढच्या वेळी घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगतो. चिठ्ठ्या नकोत, औषधेच हवीत. पिशवी टेबलावर रिकामी केली की चिठ्ठीत कधीही न लिहिलेल्या गोष्टी बाहेर पडतात: ॲसिडिटीच्या पातळ औषधाची अर्धी बाटली, कोणीतरी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, साखरेची गोळी, आणि बहुतेक वेळा कसल्यातरी काढ्याची पुडी. टीएलडी ही एचआयव्हीची गोळी आणि टीबीची औषधे एकत्र कशी घ्यायची, याविषयी पुढे लिहिलेली बहुतेक माहिती या पिशवीतूनच सुचलेली आहे. ती रुग्णासाठी आणि घरात औषधांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. डोस ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे, परंतु डॉक्टरांना नेमके काय विचारायचे आणि काय सांगायचे हे रुग्णाला ठाऊक असले, तर अर्धे घोटाळे तिथेच टळतात.

रिफाम्पिसिन यकृतात काय करते

नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीवर पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत मिळतात, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. उपचारांनी भूक परतते आणि वजन वाढते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांची संख्या बदलावी लागू शकते. म्हणून प्रत्येक भेटीत काट्यावर उभे राहण्याचा आग्रह धरावा.

या चारांपैकी एचआयव्हीच्या औषधांशी खरा संघर्ष होतो तो रिफाम्पिसिनचा. लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी करणारे औषध हेच. त्या रंगाला घाबरण्याचे कारण नाही. उलट लघवीला रंग येत असेल, तर औषध पोटात जात आहे एवढे तरी कळते. अडचण रंगापलीकडची आहे. औषधांचे विघटन करून त्यांना शरीराबाहेर काढणारी काही विकरे यकृतात असतात आणि रिफाम्पिसिन त्यांना कामाला जुंपते. रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत हा वेग पुरेपूर वाढतो, आणि मग त्याच वाटेने जाणारी दुसरी औषधेही नेहमीपेक्षा फार लवकर संपू लागतात. रुग्ण गोळी न चुकवता घेत असतो, पण रक्तात ती पुरेशी टिकत नाही. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही हा वेग लगेच खाली येत नाही, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडे लक्षात ठेवावेत, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

दुसरी गोळी

सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांतून, आज बहुतेक प्रौढांना टीएलडी ही एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मि.ग्रॅ., लॅमिव्हुडिन ३०० मि.ग्रॅ. आणि डोलुटेग्रॅव्हिर ५० मि.ग्रॅ. असते. रिफाम्पिसिनमुळे टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन यांचा डोस बदलावा लागत नाही, पण डोलुटेग्रॅव्हिरची रक्तातली पातळी बरीच घसरते. यावरचा उपाय साधा आहे. टीएलडी नेहमीप्रमाणे एकदा घ्यायची आणि तिच्यानंतर १२ तासांनी ५० मि.ग्रॅ. डोलुटेग्रॅव्हिरची सुटी गोळी घ्यायची. दिवसातून दोनदा दिल्यावर डोलुटेग्रॅव्हिरची पातळी रिफाम्पिसिन असतानाही पुरेशी राहते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम घेणे. 'नाहीतरी दोनच आहेत, एकदम घेऊन टाकतो' असे सांगणारे बरेच भेटतात. १२ तासांचे अंतर हाच या उपायाचा गाभा आहे. एकदम घेतलेल्या दोन गोळ्या चोवीस तास पुरत नाहीत. दुसरी चूक म्हणजे सुट्या गोळीऐवजी टीएलडीच दोनदा घेणे. त्यामुळे टेनोफोव्हिर दुप्पट जाते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असल्या, तर झाकणावर मोठ्या अक्षरात 'सकाळ' आणि 'रात्र' असे लिहून ठेवावे. कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री याला फारसे महत्त्व नाही, पण एकदा ठरवलेला क्रम बदलू नये.

वेळ निवडताना घड्याळापेक्षा स्वतःच्या दिनक्रमाकडे पाहावे. समजा, सकाळी ८ आणि रात्री ८ ठरले. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी चांगल्या शोषल्या जातात, म्हणून त्या नाश्त्याच्या तासभर आधी घ्याव्यात. डोलुटेग्रॅव्हिरला जेवणाचे बंधन नाही. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी दर आठवड्याला फिरत असेल, तर तिन्ही पाळ्यांना सोयीची वेळ सहसा सापडत नाही. अशा वेळी पाळीप्रमाणे गोळीची वेळ मागेपुढे सरकवत बसू नये. एक गोळी खिशातल्या छोट्या डबीत ठेवावी आणि चहाच्या सुट्टीत घ्यावी. मूळ बाटली कामावर नेण्याची गरज नाही. तिच्यावरचे नाव कोणी वाचेल ही धास्ती खरी असते, आणि कित्येक गोळ्या केवळ त्या धास्तीपोटी चुकतात. गोळी विसरली तर आठवताच घ्यावी, मात्र पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन्ही एकत्र घेऊन भरपाई करू नये.

आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरला पायी निघणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. वारीला जाणार असल्याचे केंद्रात आधीच सांगावे, म्हणजे मधल्या दिवसांत संपणार नाहीत इतक्या गोळ्या देता येतात. औषधे दिंडीच्या सामानाच्या ट्रकात ठेवू नयेत. ट्रक पुढच्या मुक्कामी जातो आणि सकाळची गोळी आपल्याआधी तिथे जाऊन थांबते. ती अंगावरच्या पिशवीत असावी. एकादशीच्या उपवासाने औषध बंद होत नाही. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवावे लागते, आणि बहुतेक वेळा ते पटतेही.

रिफाम्पिसिन चालू असतानाही डोलुटेग्रॅव्हिर दिवसातून एकदा पुरेल का, या प्रश्नावर संशोधन झाले आहे आणि त्यातून काही आशादायक गोष्टीही पुढे आल्या आहेत. पण मोबाईलवर अशी बातमी वाचून कोणीही आपली दुसरी गोळी स्वतःहून सोडू नये. केंद्राचे डॉक्टर सांगेपर्यंत ती चालूच ठेवावी.

ॲसिडिटीचे औषध, कॅल्शियम आणि लोह

डोलुटेग्रॅव्हिरचा दुसरा शत्रू औषधांच्या खोक्यात सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या बाटलीत असतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह आणि जस्त हे धातू पोटातच डोलुटेग्रॅव्हिरला चिकटतात आणि मग ते रक्तात पुरेसे शिरत नाही. त्यामुळे डोलुटेग्रॅव्हिर अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, असा नियम आहे. दिवसातून एकच गोळी असताना हे सोपे असते. दोन गोळ्या आल्या की जागा आकसते. वरचे वेळापत्रक घेतले, तर सकाळी ८ च्या गोळीनंतर दोन तास सोडून १० वाजतात आणि रात्री ८ च्या गोळीच्या सहा तास आधी दुपारचे २ वाजतात. म्हणजे ॲसिडिटीचे पातळ औषध घ्यायचेच असेल, तर ते १० ते २ या वेळेतच घ्यावे. रात्री जेवणानंतर जळजळ झाली म्हणून दोन चमचे घेण्याची सवय येथे महाग पडते. टीबीच्या गोळ्यांनी पोटात आग होतच असेल, तर डॉक्टरांना सांगून पँटोप्राझोलसारखी गोळी घेता येते. डोलुटेग्रॅव्हिरला तिची अडचण होत नाही.

कॅल्शियम आणि लोह यांना एक सवलत आहे. डोलुटेग्रॅव्हिर आणि या गोळ्या पोटभर जेवणाबरोबर एकाच वेळी घेतल्या, तर चालते. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिलेले असतात, म्हणून तिने ही सवलत नीट समजून घ्यावी. मात्र उपवासाच्या दिवशी जेवणच नसते, तेव्हा सवलतही नसते. त्या दिवशी या गोळ्या दुपारीच घ्याव्यात. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला ही सवलत जेवणाबरोबरही लागू नाही.

पिशवीतली बाकीची औषधे

मधुमेह असलेल्यांनी येथे जास्त लक्ष द्यावे. डोलुटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, आणि दिवसातून दोनदा घेतल्यावर ती आणखी वाढते. त्यामुळे मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मि.ग्रॅ. च्या पुढे जाऊ देत नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांचे मात्र उलटे होते. रिफाम्पिसिन त्यांना लवकर संपवते आणि साखर वाढते. मग डॉक्टर गोळी वाढवतात, आणि सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन बंद झाल्यावर तीच वाढवलेली गोळी साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते. म्हणून टीबीचा उपचार सुरू होताना आणि संपल्यावर, दोन्ही वेळी, साखर वारंवार तपासावी.

रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचा, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा, स्टेरॉइडच्या गोळीचा आणि बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलचा परिणामही रिफाम्पिसिनमुळे घटतो. गर्भनिरोधक गोळ्यांचाही घटतो, आणि हे सांगायला सगळेच संकोचतात. टीबीचा उपचार संपेपर्यंत केवळ त्या गोळीवर विसंबू नये. कंडोम किंवा तांबी यांसारख्या साधनाविषयी डॉक्टरांशी बोलावे. फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, तर ती औषधेही डोलुटेग्रॅव्हिरला कमी करतात. रिफाम्पिसिनच्या जोडीला तीही असतील, तर गोष्ट गुंतागुंतीची होते आणि न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुटत नाही.

काढ्यांविषयी माझे मत थोडे कडक आहे. टीबीची तीन औषधे यकृतावर ताण देणारी असताना, ज्यात काय आहे हे कोणालाच नेमके ठाऊक नाही असे काहीही घेऊ नये. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहे. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' या वाक्याने कावीळ थांबत नाही. दारूबाबतही हेच लागू आहे.

टीएलडी नसेल तर

जुन्या रुग्णांपैकी काहींना अजूनही एफाव्हिरेन्झ चालू असते. रिफाम्पिसिनबरोबर ६०० मि.ग्रॅ. चा नेहमीचाच डोस चालतो. नेव्हिरॅपिन चालू असेल तर ते बदलून घ्यावे.

दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे एचआयव्हीची पहिली औषधे लागू न पडल्यावर दिलेली औषधे घेणाऱ्यांनी मात्र टीबीची पहिली गोळी घेण्याआधीच एआरटी केंद्र गाठावे. अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर किंवा लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर यांना रिफाम्पिसिन जवळजवळ निकामी करते. अशा रुग्णाला सहसा रिफाम्पिसिन काढून त्याच कुळातले रिफाब्युटिन देतात, आणि तेही रोज १५० मि.ग्रॅ., कारण रिटोनाव्हिरमुळे रिफाब्युटिनची पातळी वाढते. चार औषधांच्या तयार गोळीत रिफाम्पिसिन असल्यामुळे ती गोळी चालत नाही, बाकीची तीन औषधे सुटी द्यावी लागतात. रिफाब्युटिन घेताना डोळा लाल झाला, दुखला किंवा धुरकट दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. रिटोनाव्हिर घेणाऱ्यांना टीबीनंतरच्या धापेसाठी पंप दिला जातो तेव्हाही विचारून घ्यावे. फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड असलेल्या पंपातले स्टेरॉइड रिटोनाव्हिरमुळे शरीरात साचते.

खासगी दवाखान्यातून बिक्टेग्रॅव्हिर असलेली गोळी किंवा कॅबोटेग्रॅव्हिरचे इंजेक्शन घेणाऱ्यांना रिफाम्पिसिन चालत नाही. एक प्रसंग मला विसरता येत नाही. एका खासगी दवाखान्यात एका माणसाने एचआयव्हीविषयी काहीच सांगितले नाही, डॉक्टरांनीही विचारले नाही, आणि दोन महिने टीबीचा कोर्स टीएलडीबरोबर दुसऱ्या गोळीशिवाय चालला. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या खिशात पिवळट कागदाच्या दोन वेगवेगळ्या घड्या होत्या, एका दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याला दिसू नये म्हणून. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार आपली स्थिती आपल्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्या आधारावर डॉक्टरांना हळू आवाजात का होईना, पण सांगावे. तेवढेही जमत नसेल, तर किमान टीएलडीची बाटली समोर ठेवावी.

एकाच अवयवावर दोन्हींचा भार

सुरुवातीच्या दोन महिन्यांत मळमळ, भूक मंदावणे, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. यकृताची तपासणी लगेच करून घ्यावी. कोणते औषध थांबवायचे आणि नंतर कोणत्या क्रमाने पुन्हा सुरू करायचे हे डॉक्टरच ठरवतात. हात-पाय बधिर होणे किंवा तळव्यांत सुया टोचल्यासारखे वाटणे हे आयसोनियाझिडमुळे होते. त्यासाठी पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ ची छोटी गोळी देतात. ती 'ताकदीची' समजून मुलांना देऊन टाकणारेही आहेत. ती स्वतःच घ्यावी. अंगावर पुरळ आले, तर दोष टीबीच्या औषधाचा, एचआयव्हीच्या की इतर संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमोक्साझोलचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. डोलुटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर रक्तातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या तपासणीचा, आकडा थोडा वाढलेला दिसतो. त्याचा अर्थ मूत्रपिंड बिघडले असा नेहमीच नसतो, पण टेनोफोव्हिर चालू असल्यामुळे तो दाखवायलाच हवा.

दोन्ही आजार एकाच वेळी कळले असतील, तर आधी टीबीची औषधे सुरू होतात आणि साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल, तर एचआयव्हीची औषधे ४ ते ८ आठवडे पुढे ढकलतात. एचआयव्हीची औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप परत आला किंवा मानेच्या गाठी फुगल्या, तर औषधे लागू पडत नाहीत असे समजून ती सोडू नयेत. प्रतिकारशक्ती जागी होऊन दडलेल्या जंतूंवर तुटून पडते, तेव्हा असे होऊ शकते. मात्र तो पुन्हा वाढलेला किंवा औषधांना न जुमानणारा टीबीही असू शकतो. ते डॉक्टरांनी तपासायचे आहे.

थुंकीच्या तपासणीत रिफाम्पिसिनला न जुमानणारा टीबी निघाला, तर गणित बदलते. रिफाम्पिसिन बंद होते, म्हणून त्यानंतरचे दोन आठवडे गेले की दुसऱ्या डोलुटेग्रॅव्हिरची गरजही उरत नाही. अशा टीबीवरच्या बेडाक्विलिन असलेल्या उपचारात एफाव्हिरेन्झ चालत नाही, कारण ते बेडाक्विलिनची पातळी खाली आणते. याच उपचारातल्या लिनेझोलिडच्या जोडीला एचआयव्हीचे झिडोव्हुडिन असेल, तर रक्त झपाट्याने कमी होऊ शकते. येथे ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत.

टीबीची शेवटची गोळी घेतल्यानंतर

सर्वांत जास्त घोटाळा या दिवशी होतो. टीबीचा उपचार संपला म्हणून रुग्ण दुसरी गोळीही त्याच दिवशी बंद करतो. पण यकृताचा वाढलेला वेग अजून उतरलेला नसतो. म्हणून टीबीच्या शेवटच्या गोळीनंतरही डोलुटेग्रॅव्हिरची दुसरी गोळी आणखी दोन आठवडे घ्यायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर टीबीच्या शेवटच्या दिवसाभोवती एक गोल आणि त्यानंतरच्या चौदाव्या दिवसाभोवती दुसरा गोल काढून ठेवावा. दुसऱ्या गोलापर्यंत दोन वेळा, त्यानंतर टीएलडी नेहमीप्रमाणे एकदा. त्याच आठवड्यात साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांचे डोस पुन्हा तपासून घ्यावेत, कारण रिफाम्पिसिन असताना वाढवलेले डोस आता जास्त ठरू शकतात. सुट्या डोलुटेग्रॅव्हिरच्या उरलेल्या गोळ्या कपाटात न ठेवता केंद्रात परत द्याव्यात. काही शंका असेल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतही विचारता येते.